गंधक, रुथेनियम आणि कार्बोनिलच्या रेषा

तीन रुथेनियम अणूंचा त्रिकोण आणि त्याच्याभोवती कार्बन मोनॉक्साइडचे बारा रेणू (धातूला बांधलेल्या अशा रेणूला कार्बोनिल म्हणतात), अशी ट्रायरुथेनियम डोडेकाकार्बोनिलची रचना असते. या नारिंगी स्फटिकांची गंधकयुक्त कार्बनी संयुगांशी अभिक्रिया घडवून आणणे आणि त्यातून काय निघते ते ओळखणे, हे माझ्या संशोधनाचे काम होते. कागदावर प्रश्न छोटा होता. धातूंच्या क्लस्टरजवळ, म्हणजे अणूंच्या लहान समूहाजवळ, आलेल्या रेणूतील कार्बन आणि गंधक यांच्यातला बंध केव्हा तुटतो, आणि तुटला तर त्यानंतर गंधक कुठे जाते?

हा प्रश्न विचारण्यामागे तेलशुद्धीकरणाची पार्श्वभूमी आहे. इंधनातील गंधक काढण्यासाठी कोबाल्ट आणि मॉलिब्डेनमचे सल्फाइड अल्युमिनावर पसरून वापरतात आणि सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानाला, दाबाखाली हायड्रोजन सोडतात. थायॉल (गंधकावर हायड्रोजन असलेली कार्बनी संयुगे) आणि कार्बनी सल्फाइड यांतले गंधक सहज निघते. थायोफीन, बेंझोथायोफीन आणि डायबेंझोथायोफीन यांचे गंधक सामावलेले वलय मात्र चिवट असते. घन उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते ते थेट पाहणे अवघड असल्यामुळे, विरघळणारा, स्फटिक होणारा आणि क्ष-किरणांनी ज्याची रचना काढता येते असा धातूंचा लहान समूह घेऊन तीच पायरी अभ्यासावी, असा हा युक्तिवाद आहे. मला तो पूर्णपणे कधीच पटला नाही. कार्बोनिलांनी वेढलेला त्रिकोण आणि गंधकाने झाकलेला घन पृष्ठभाग यांत फार मोठे अंतर आहे. तरीही रुथेनियमची निवड योग्य होती असे मला वाटते, कारण १९८१ मध्ये पेकोरारो आणि चियानेली यांनी निरनिराळ्या संक्रमण धातूंच्या सल्फाइडांची डायबेंझोथायोफीनवरील क्रियाशीलता तपासली, तेव्हा रुथेनियम सल्फाइड सर्वांत वरच्या गटात आले होते.

कामाचा पहिला टप्पा रसायनशास्त्राहून अधिक स्वच्छतेचा होता. ट्रायरुथेनियम डोडेकाकार्बोनिल हवेत खराब होत नाही, पण गरम द्रावणात तयार होणारे मध्यवर्ती पदार्थ ऑक्सिजनला तोंड देऊ शकत नाहीत. म्हणून टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक सोडियम आणि बेंझोफिनोन यांच्यावर उकळून, निळाजांभळा रंग टिकेपर्यंत कोरडे करायचे, श्लेंक नळीतील (पंपाला जोडता येणाऱ्या हवाबंद काचेच्या नळीतील) हवा पंपाने काढून तिथे नायट्रोजन भरायचा, आणि हे चक्र पुन्हापुन्हा करायचे, असा क्रम ठरलेला होता. क्लस्टरचे प्रमाण नेहमी लहान असे. १०० मिलिग्रॅम म्हणजे ०.१५६ मिलीमोल, आणि तेवढ्यासाठी समप्रमाणात लागणारा थायोफिनॉल हा थायॉल केवळ १६ मायक्रोलिटर. इतक्या लहान आकड्यांमुळे सूक्ष्म सिरिंज हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे मोजमापाचे साधन ठरते, कारण थायॉल थोडा जरी जास्त पडला तरी अभिक्रिया निराळ्या वाटेने जाते. त्याबद्दल पुढे सांगते.

वासाबद्दल लिहिल्याशिवाय हे वर्णन प्रामाणिक होणार नाही. थायॉलांचा वास अत्यंत कमी प्रमाणातही नाकाला कळतो आणि तो हातमोज्यांना, सिरिंजला, काचेच्या सांध्यावरील ग्रीजलाही चिकटून राहतो. वापरलेली प्रत्येक वस्तू फ्यूम हुडमध्येच सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून ठेवावी लागे, आणि त्या द्रावणाजवळ कोणतेही आम्ल येणार नाही याची दक्षता घ्यावी लागे. खरा धोका मात्र वासाचा नव्हता. अभिक्रियेत सुटणारा कार्बन मोनॉक्साइड वासरहित असतो. त्याचे प्रमाण थोडे असले तरी हुडचा पंखा चालू असणे आणि जवळ त्या वायूचा सूचक असणे या दोन गोष्टींबाबत कोणतीही सवलत नव्हती.

अभिक्रिया कुठवर आली हे रंगावरून सांगता येते असे सुरुवातीला वाटते, कारण द्रावण नारिंगीचे पिवळे, तांबूस, तपकिरी होत जाते. पण या क्षेत्रात रंग फसवा असतो. भरवशाची साक्ष अवरक्त वर्णपट देतो, आणि तीही खुद्द कार्बोनिलांकडून येते. मुक्त कार्बन मोनॉक्साइडचे कंपन २१४३ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येला असते. तो धातूला बांधला गेला की धातूकडचे इलेक्ट्रॉन त्याच्या प्रतिबंधी कक्षकांत शिरतात, कार्बन-ऑक्सिजन बंध सैल होतो आणि रेषा खाली सरकते. एकाच धातूवर टोकाशी बसलेल्या कार्बोनिलची रेषा साधारण २१०० ते १९०० या पट्ट्यात, दोन धातूंमध्ये सेतू झालेल्याची १८५० च्या खाली, आणि तीन धातूंना झाकून बसलेल्याची त्याहूनही खाली येते. या पट्ट्यात कार्बनी रेणूंच्या फारशा रेषा नसतात, त्यामुळे मिश्रणातून उचललेला एक थेंबही बोलका असतो.

मी दर थोड्या वेळाने नळीतून थोडे द्रावण काढून, द्रावक उडवून, उरलेले हेक्झेनमध्ये विरघळवत असे. हेक्झेनचा आग्रह यासाठी की त्यात रेषा सुईसारख्या अणकुचीदार येतात. डायक्लोरोमिथेनमध्ये त्याच रेषा पसरून एकमेकींत मिसळतात. कॅल्शियम फ्लुओराइडच्या खिडक्यांची पेटी वापरल्यामुळे ओलाव्याची भीती नव्हती. मूळ क्लस्टरच्या २०६१, २०३१ आणि २०११ या तीन ठळक रेषा मला इतक्या पाठ झाल्या होत्या की नव्या वर्णपटात त्या उरल्या आहेत का, हे मी आकडे न वाचता सांगू शकत असे. बारा कार्बोनिल असूनही रेषा इतक्या थोड्या, कारण रेणू अत्यंत सममित आहे. थायोफिनॉल मिसळून द्रावण टेट्राहायड्रोफ्युरानच्या उत्कलनबिंदूला, म्हणजे ६६ अंशांना, उकळू लागले की ही सममिती मोडते: २१०० च्या जरा वर एक क्षीण रेषा उगवते, मधली गर्दी वाढते आणि २०६१ ची उंची उतरत जाते. १९०० च्या खाली मात्र काहीच येत नाही. त्याचा अर्थ असा की, या उत्पादात कोणताही कार्बोनिल सेतू झालेला नाही. सेतू होण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी घेतले आहे.

ते काम गंधकाने आणि हायड्रोजनने वाटून घेतलेले असते. थायॉलमधील गंधक-हायड्रोजन बंध आधी तुटतो, दोन कार्बोनिल सुटतात, त्रिकोणाची एकच कड एका बाजूने थायोलेट (हायड्रोजन गमावलेला थायॉल) आणि दुसऱ्या बाजूने हायड्राइड (धातूंना बांधलेला तो हायड्रोजन) यांच्या सेतूंनी जोडली जाते, आणि फिनिल गट गंधकावर शाबूत राहतो. उरलेले दहा कार्बोनिल धरून रेणूचे वस्तुमान सुमारे ६९३ भरते. वस्तुमान वर्णपटात २८ एककांच्या पायऱ्यांनी एकेक कार्बोनिल गळताना दिसतो. प्रत्येक पायरी एका शिखराची नसून शिखरांच्या रुंद झुबक्याची असते, कारण रुथेनियमचे सात स्थिर समस्थानिक आहेत आणि रेणूत तीन रुथेनियम आहेत. एकाच शिखराची सवय असलेल्या माणसाला हा झुबका म्हणजे अशुद्धी वाटते. प्रत्यक्षात तो रुथेनियमची संख्या मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

हायड्राइडची खूण एनएमआरमध्ये, म्हणजे अणुकेंद्रांच्या चुंबकीय वर्णपटात, मिळते. बेंझीन वलयाचे प्रोटॉन ७ पीपीएमच्या परिसरात असतात. धातूंमध्ये सेतू झालेला हायड्रोजन मात्र शून्याच्या पलीकडे, उणे १५ च्या आसपास, एकटाच उभा असतो. मोजणीची कक्षा तिथवर वाढवली नाही तर तो दिसतच नाही. क्ष-किरणांना तर तो जवळपास अदृश्यच असतो, कारण एका इलेक्ट्रॉनचा अणू हा ४४ इलेक्ट्रॉनांच्या रुथेनियमशेजारी सापडणे कठीण. त्याची जागा बहुतेक वेळा आडवाटेने ठरवतात: त्या कडेवरचे कार्बोनिल बाजूला झुकून जागा मोकळी ठेवतात, आणि त्या मोकळ्या जागेवरून हायड्राइड कुठे असावा हे कळते.

इलेक्ट्रॉन मोजण्याची पद्धत मी याच टप्प्यावर अंगवळणी पाडून घेतली. तीन रुथेनियमचे २४, दहा कार्बोनिलांचे २०, हायड्राइडचा १ आणि सेतू थायोलेटचे ३, मिळून ४८. तीन धातूंच्या पूर्ण त्रिकोणाला ४८ लागतात, म्हणजे तिन्ही कडा शाबूत असणार. बेरीज ५० आली असती तर एक कड उघडली असे समजायचे. ही बेरीज रचना सिद्ध करत नाही, पण चुकीची रचना झटकन बाद करते, आणि स्फटिक मिळेपर्यंतच्या काळात तेवढा आधार पुरेसा असतो.

मिश्रण वेगळे करण्याचे काम सिलिकाच्या पातळ थरावर होत असे. हेक्झेनमध्ये थोडा डायक्लोरोमिथेन मिसळून थाळी चालवली की रंगीत पट्टे आपोआप वर चढतात. वेगळी फवारणी किंवा दिवा लागत नाही. शोधनिबंधांत या थाळीचे वर्णन ठरावीक भाषेत येते, की इतके पट्टे मिळाले, त्यांपैकी अमुक पट्ट्यातून अमुक संयुग, आणि बाकीचे फारच थोडे असल्याने तपासले नाहीत. मला या शेवटच्या वाक्याबद्दल नेहमीच शंका वाटत आली आहे. त्याहून जास्त शंका थाळीच्या तळाशी, जिथे मिश्रण लावले तिथेच हटून बसणाऱ्या तपकिरी पट्टीबद्दल वाटते, कारण कित्येकदा धातूचा मोठा वाटा तिथे गेलेला असतो आणि उत्पादांच्या टक्केवारीत त्याची नोंदच नसते. थायॉल जास्त झाला की ही पट्टी जाड होते. प्रत्येक रुथेनियमवर दोन थायोलेट आणि दोन कार्बोनिल अशा घटकांची, न विरघळणारी साखळी तयार होते. त्रिकोण पूर्ण विस्कटतो, पण कार्बन-गंधक बंध मात्र तसाच राहतो. क्लस्टर मोडणे आणि रेणूतून गंधक काढणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मला त्या तपकिरी पट्टीने शिकवले.

त्यानंतर मी टेट्रामेथिलथायोयुरियाकडे वळले, आणि या कामाचा सर्वांत समृद्ध भाग इथून सुरू झाला. या रेणूत गंधक एका कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेले असते आणि त्या कार्बनच्या दोन्ही बाजूंना डायमेथिलअमिनो गट असतात. त्याला द्यायला हायड्रोजन नाही, त्यामुळे थायॉलची सोपी वाट बंद आहे. त्याऐवजी तो गंधकच सोडून देतो. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये गरम करताना वर्णपटात प्रथमच मला खालच्या भागात, १७०० च्या आसपास, एक रेषा दिसली. तिथे अमिनो गटांची किंवा उरलेल्या द्रावकाची रेषा असू शकते, म्हणून मी ती आधी गृहीत धरली नाही. पट्टा वेगळा करून, पूर्ण वाळवून पुन्हा मोजल्यावरही ती टिकली तेव्हाच ती कार्बोनिलची मानली. तीन रुथेनियमांच्या त्रिकोणाला एका बाजूने उघड्या गंधकाने आणि दुसऱ्या बाजूने एका कार्बोनिलने झाकलेले ते संयुग होते. गंधक इथे कोणत्याही कार्बनला बांधलेले नाही. ते तिन्ही धातूंना चार इलेक्ट्रॉन देते. २४, दहा कार्बोनिलांचे २० आणि गंधकाचे ४, म्हणजे पुन्हा ४८.

या अभिक्रियेत गंधक गेल्यावर उरलेला कार्बन कुठे जातो, हा प्रश्न मला गंधकाइतकाच महत्त्वाचा वाटला. त्याचे उत्तर थाळीवरच्या मागच्या, फिकट पट्ट्यांपैकी एकात होते. दोन डायमेथिलअमिनो गट घेऊन तो कार्बन कार्बीन म्हणून, म्हणजे स्वतःचे दोनच गट असलेला कार्बन म्हणून, एका रुथेनियमला चिकटतो. एनएमआरमध्ये नायट्रोजनवरच्या मेथिल गटांचे संकेत दिसत होते, पण मुक्त थायोयुरियाच्या जागी नव्हते. एका कार्बोनिलची जागा कार्बीनने घेतल्यामुळे टोकाच्या कार्बोनिलांच्या सर्व रेषा थोड्या खाली सरकल्या होत्या, कारण नायट्रोजनांनी समृद्ध केलेला हा कार्बीन धातूला इलेक्ट्रॉन देतो आणि धातू ते उरलेल्या कार्बोनिलांकडे ढकलतो. कार्बन आणि गंधक यांचा बंध तुटून दोन्ही तुकडे एकाच त्रिकोणावर निरनिराळ्या ठिकाणी बसलेले प्रत्यक्ष पाहायला मिळणे, ही या कामातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे. ज्या पट्ट्याला निबंधाच्या भाषेत किरकोळ म्हणतात, त्याच्यातूनच ती मिळाली.

स्फटिकांचा भाग संयमाचा होता आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हेक्झेन आणि डायक्लोरोमिथेनच्या मिश्रणातून उणे २० अंशांना सावकाश थंड करणे, हा बहुतेक वेळा यशस्वी होणारा मार्ग आहे. रचना हाती आल्यावर प्रथम कडांच्या लांबीकडे पाहायचे. मूळ क्लस्टरमध्ये रुथेनियम-रुथेनियम अंतर सुमारे २.८५ अँगस्ट्रॉम असते आणि त्याच्याशी तुलना करूनच कोणती कड ताणली, कोणती आखडली हे ठरते. स्फटिकरचनेवाचून या क्षेत्रात किती चाचपडावे लागत असे, याची कल्पना इतिहासावरून येते. रुथेनियमचे हे कार्बोनिल मॉन्ड आणि सहकाऱ्यांनी १९१० मध्ये पाहिले होते, पण त्याच्या रेणूत धातूचे तीन अणू आहेत हे अनेक दशके ध्यानात आले नाही. आधी दोन धातू आणि नऊ कार्बोनिल असे सूत्र मानले जात होते. कोरी आणि डाल यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑस्मियमच्या अशाच कार्बोनिलची रचना काढली, तेव्हा त्रिकोण स्पष्ट झाला. लोखंडाच्या तीन अणूंच्या कार्बोनिलबाबत तर रेणू स्फटिकात दोन उलट दिशांनी बसत असल्याने त्रिकोणांचा षट्कोणी तारा दिसायचा, आणि तो गुंता १९६९ मध्ये वेई आणि डाल यांनी सोडवला.

थायोयुरियानंतर पिरिडीन-२-थायॉल घेतला, तो मुद्दाम, कारण त्यात गंधकाशेजारी नायट्रोजन आहे. इथे गंधक-हायड्रोजन बंध तुटतोच, पण गंधक दोन रुथेनियमांमध्ये सेतू होत असताना नायट्रोजन तिसऱ्या रुथेनियमला धरतो आणि कार्बोनिलांची संख्या दहावरून नवावर येते. लिगंड, म्हणजे धातूंना धरून बसलेला हा गट, तिन्ही धातूंना एकत्र बांधत असल्यामुळे हे संयुग गरम करूनही सहज विस्कटत नाही. कार्बन-गंधक बंध तोडण्याच्या दृष्टीने पाहिले तर मात्र हा टिकाऊपणा निरुपयोगी आहे: गंधकाला इतके भक्कम बसवले की त्याला कार्बन सोडण्याची गरजच उरत नाही.

ऑस्मियमवरचे काम वेगळ्या गतीचे होते. ट्रायऑस्मियम डोडेकाकार्बोनिल पिवळे आणि अत्यंत आळशी संयुग आहे. सरळ गरम करून त्याची अभिक्रिया करायची तर ऑक्टेनसारखा, १२५ अंशांच्या आसपास उकळणारा द्रावक लागतो आणि तेवढ्या उष्णतेत नाजूक उत्पाद टिकत नाहीत. म्हणून ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड वापरून दोन कार्बोनिल कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने काढून टाकतात आणि रिकाम्या जागी अॅसिटोनायट्राइल बसवतात. हे अॅसिटोनायट्राइल सैल बांधलेले असते, त्यामुळे पुढची अभिक्रिया साध्या तापमानालाही होते. या पायरीनंतर हुडमध्ये मासळीसारखा वास दरवळतो, तो सुटलेल्या ट्रायमेथिलअमाइनचा. थायॉल घातल्यावर रुथेनियमसारखेच हायड्राइड आणि थायोलेट सेतू असलेले संयुग मिळते, फक्त त्याचा हायड्राइड उणे १७ च्या आसपास दिसतो.

थायोफीन घातल्यावर मला अधिक रस वाटला. रुथेनियमवरून बनवलेली अपेक्षा अशी होती की धातू गंधकाकडून वलयाला हात घालेल. ऑस्मियमच्या त्रिकोणाने मात्र गंधकाला बाजूला ठेवून शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढला. वलय अखंड राहिले, ते दोन ऑस्मियमांमध्ये कार्बनच्या बाजूने सेतू झाले आणि हायड्राइड धातूंवर आला. हायड्राइडची रेषा पाहून वलय उघडले असे म्हणायचा मोह होतो, पण हायड्राइड केवळ एवढेच सांगतो की कुठला तरी हायड्रोजन धातूकडे आला. तो गंधकावरून आला की कार्बनवरून, हे त्याला विचारून कळत नाही. त्यासाठी वलयाच्या उरलेल्या तीन प्रोटॉनांचे परस्परसंबंध तपासावे लागले, आणि ते अखंड थायोफीन वलयाला साजेसेच होते.

लोखंड या तिघांत सर्वांत उतावळे. ट्रायआयर्न डोडेकाकार्बोनिलचे गडद हिरवे द्रावण थायॉलबरोबर गरम केले की पाहता पाहता लाल होते आणि त्रिकोण शिल्लक राहत नाही. दोन लोखंड, सहा कार्बोनिल आणि दोन थायोलेट सेतू असा रेणू तयार होतो. वर्णपटात २०७५, २०३५ आणि १९९५ यांच्या आसपास तीन मुख्य रेषा येतात. गंधकांवरचे दोन गट एकमेकांच्या तुलनेत कसे बसले यावरून याचे दोन समघटक होतात आणि थाळीवर ते एकमेकांजवळच्या दोन पट्ट्यांत दिसतात. हा रेणू १९२० च्या दशकापासून माहीत असूनही त्याला नवे महत्त्व आले ते १९९८ आणि १९९९ मध्ये, जेव्हा हायड्रोजनेज विकराच्या स्फटिकरचनेत दोन लोखंडांमध्ये गंधकाचे सेतू आणि त्यांवर कार्बन मोनॉक्साइड व सायनाइड आढळले. त्यानंतर १,३-प्रोपेनडायथायॉलपासून बनणारे लाल संयुग अनेक प्रयोगशाळांत तयार होऊ लागले. माझ्या प्रश्नाला मात्र त्याचा उपयोग नव्हता, कारण त्यात कार्बन-गंधक बंध शाबूत आहे. थायोफीनवर हेच लोखंड वापरले तर गंधक निघून जाते आणि चार कार्बनांची साखळी दोन लोखंडांशी वलय करून बसते, पण उतारा इतका कमी की हाती आलेल्या उत्पादापेक्षा नळीत राहिलेला काळा गाळ अधिक भरतो.

बेंझोथायोफीनने या विखुरलेल्या निरीक्षणांना थोडा क्रम दिला. रुथेनियमबरोबर त्याच्या पाच अणूंच्या वलयातला एकच कार्बन-गंधक बंध तुटतो, आणि तोही बेंझीनकडचा नव्हे तर दुहेरी बंधाकडचा. त्या फटीत रुथेनियम शिरून सहा अणूंचे वलय बनते. त्याच मिश्रणातून गंधक पूर्ण गेलेला, दोन रुथेनियमांवर आठ कार्बनांचा तुकडा असलेला पदार्थही मिळतो. पहिला पदार्थ म्हणजे वाटेतला मुक्काम आणि दुसरा म्हणजे पुढचे ठिकाण, असे मानणे सोपे आहे. पण दोन्ही एका मिश्रणात सापडणे हा त्याचा पुरावा नव्हे, आणि पहिल्यापासून दुसरा थेट मिळवून दाखवल्याशिवाय तसे लिहू नये असे माझे मत आहे.

शेवटचा प्रयोग मी पुन्हा साध्या थायॉलवर केला, कारण तेलशुद्धीकरणातली खरी घटना हायड्रोजनच्या उपस्थितीत घडते आणि तोवरच्या माझ्या सर्व नळ्यांत नायट्रोजन होता. इथेनथायॉलपासून बनवलेले, दहा कार्बोनिलांचे हायड्राइड-थायोलेट संयुग हायड्रोजनखाली गरम केल्यावर वर्णपटातील २१०० च्या वरची ओळखीची क्षीण रेषा हळूहळू गेली आणि तिच्याजवळ दुसरी आली. नवा पिवळा पदार्थ काय आहे हे ठरवण्यासाठी तुलनेचा नमुना हवा होता. तो मूळ क्लस्टर आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्यापासून थेट मिळतो: त्रिकोणावर एक उघडे गंधक, दोन हायड्राइड आणि नऊ कार्बोनिल. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असताना त्याचा वास घेण्याची नाकाची शक्तीच बधिर होते, म्हणून तो नमुना बनवताना वासावर विसंबण्याचा प्रश्नच नव्हता. वायूचा सूचक आणि अल्कलीच्या द्रावणातून जाणारी निकासनळी यांच्यावरच काम चालले. दोन्ही वर्णपट एकमेकांवर ठेवल्यावर रेषा जुळल्या, आणि नळीच्या वरच्या वायूत वायू-वर्णलेखनाने इथेन सापडला. अभिक्रियेचा हिशोब दोन्ही बाजूंनी बसला: एक हायड्रोजन रेणू आत गेला, एक इथेन आणि एक कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडले, आणि गंधक त्रिकोणावर राहिले. हीच अभिक्रिया हायड्रोजनसोबत कार्बन मोनॉक्साइडही भरून केली तेव्हा ती स्पष्टपणे मंदावली, त्यावरून कार्बन आणि गंधक वेगळे होण्याआधी त्रिकोणावरचा एक कार्बोनिल सुटून हायड्रोजनसाठी जागा मोकळी व्हावी लागते, असा अर्थ मी लावला.